स्क्रॅच आठ महिने वापरल्यावर: आमचं घणसोली शून्यावर आलं

लेक चौथीत असताना दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉपवर स्क्रॅच टाकून दिलं होतं, आता पाचवीत गेलीये, म्हणजे आठेक महिने झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोरांना स्वतःचे गेम नि गोष्टी बनवत कोडिंग शिकता यावं म्हणून अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या टीमने बनवलंय, 2007 पासून आहे, पूर्ण फुकट. कोड टाइप करायचा नाही, रंगीत ठोकळे ओढून एकाखाली एक अडकवायचे आणि हिरवा झेंडा दाबायचा.

पहिला महिना खरं सांगते, वैताग. ही बाई दुसऱ्या पोरांनी टाकलेले गेमच खेळत बसायची, मला वाटलं झालं, यूट्यूब गेलं नि हे आलं. मग एकदा कुठल्यातरी गेममध्ये 'सी इनसाइड' दाबून आतले ठोकळे बघितले, मांजराच्या 10 पावलांचे 1000 केले, मांजर एका फटक्यात कडेला जाऊन चिकटलं आणि ही हसून हसून लोळायची बाकी. तिथून पुढे खेळणं कमी नि उचकणं जास्त.

आता मेन गोष्ट. तिला ठाणे-वाशी लोकल बनवायची होती. स्क्रॅचचा पडदा आडवा 480 चा, डावीकडे उणे 240, उजवीकडे 240, मध्ये शून्य. उणे संख्या शाळेत अजून आल्याच नाहीत, पण "आई, ठाणं मायनसमध्ये आहे" हे तिने दोन दिवसात सांगितलं. स्टेशनं आजींनी तोंडपाठ म्हणून दाखवली, ठाणे ऐरोली रबाळे घणसोली कोपरखैरणे तुर्भे सानपाडा वाशी. आठ स्टेशनं, मध्ये सात गाळे, 480 भागिले 7 काही धड येईना. 68 घेतले तर गाडी वाशीच्या चार पावलं अलीकडेच थांबते, 69 घेतले तर पुढे जाते. मला बोटं शिवशिवत होती सांगायला पण गप्प बसले (हे सगळ्यात अवघड काम आहे). रात्री बाबा ऑफिसातून आला, बघितलं नि म्हणाला अगं दिघा कुठंय? ठाणे नि ऐरोलीच्या मधलं दिघा गाव स्टेशन 2024 मध्ये सुरू झालं, आजींच्या यादीत ते नव्हतंच! नऊ स्टेशनं, आठ गाळे, बरोब्बर 60. आणि घणसोली बरोब्बर शून्यावर. पोरगी अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरली.

मग अनाउन्समेंट. "पुढील स्टेशन रबाळे" आजींच्या आवाजात रेकॉर्ड केलं, चालवलं तर आजी "पु पु पु पु" करत अडकल्या. 'फॉरएव्हर' म्हणजे सतत परत परत करत राहा, त्याच्या आत 'स्टार्ट साउंड' टाकलेला, म्हणजे आवाज सुरू होतोय तोवर परत पहिल्यापासून. आवाज संपेपर्यंत थांबणारा 'प्ले अनटिल डन' लावल्यावर सुटलं. हे शोधायला तिला तीन संध्याकाळी लागल्या आणि त्या तीन दिवसात तिने एकदाही मोबाईल मागितला नाही.

तक्रारी पण आहेत. मोबाईलवर करायला जाऊ नका, ठोकळे बोटाखाली सापडत नाहीत. आमच्या जुन्या लॅपटॉपवर आवाज जास्त झाले की गाडी रखडते. लेकीला वाचून कळतं पण इंग्लिश ठोकळ्यांवर सुरुवातीला शेजारी बसावंच लागलं. अगदी लहान, 5 ते 7 वयाच्या पोरांसाठी स्क्रॅच ज्युनियर वेगळं आहे, त्यात वाचायची गरज जवळपास नाहीच, भाचीला ते दिलंय. आणि हो, अकाउंट काढताना खरं नाव टाकू नका.

एका ऑनलाइन कोडिंग क्लासचा डेमो पण घेतला होता, तासाभरात सरांनी सांगितले ते ठोकळे तिने लावले, सर्टिफिकेट आलं, आणि नंतर पंधरा दिवस फीसाठी फोन. तो गेम तिने परत उघडला नाही.

स्टार द्यायचे तर साडेचार, अर्धा लॅपटॉप रखडतो त्याचा कापला.

सध्या नेरूळची गाडी काढायचं चाललंय. तुर्भ्याहून जुईनगरला फाटा फुटतो, मग वाशीची सरळ आणि नेरूळची खाली न्यायची, म्हणजे वायमध्ये (वर-खालीच्या आकड्यात) पण मायनस. दोन्ही गाड्या एकदम तुर्भ्यात आल्या तर कुठली थांबवायची यावर काल जेवताना बापलेकीचं भांडण झालं, अजून मिटलेलं नाही.