वाळूचं वय काढायला जी.आय. पाइप: घ्यावा का?

ओएसएल (प्रकाश पाडून कणांची चमक मोजण्याच्या) पद्धतीत वाळूचा कण शेवटचं ऊन खाऊन कधी गाडला गेला, ते मोजतात. त्यामुळे थरातून नमुना काढताना त्यावर जरासुद्धा उजेड पडून चालत नाही. या कामाला नळाच्या साध्या जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा तुकडा कोकणात पुरून उरतो. फक्त तो नीट करून घेतलेला हवा.

माप २ इंची, लांबी २५ सेंमी. पाइपवरचा पट्टा बघा: पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड. निळाच घ्यावा. जाडी ३.६ मिमी, तुकड्याचं वजन सव्वा किलोच्या आसपास. पिवळ्याचं तोंड जांभ्याचा खडा लागला की मुडपतं. लाल म्हणजे पाठीवर उगाच ओझं. एका टोकाला आटे पाडून घ्या, दुसऱ्याला ग्राइंडरने धार, तीही बाहेरून. आतून लावली तर शिरतानाच वाळू दाबली जाते. आतली बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली धातूची खरखरीत कड, दुकानदार हमखास तशीच सोडतो. गोल कानशीने काढायला लावा. कापताना लागलेलं तेल साबणाने धुवा.

थराची उघडी कड आधी वीतभर खरवडून काढायची. पाइपच्या धारेच्या तोंडात काळ्या प्लॅस्टिकचा बोळा बसवा. आत येणारी वाळू त्याला मागे रेटत नेते. आट्यांवर सॉकेट, त्यावर लाकडी ठोकळा, मगच घण. थेट आट्यांवर मारलंत की ते बिघडतात, नंतर ते तोंड बंद करायची कॅप बसत नाही, आणि मग भर उन्हात उघडा पाइप हातात! पाइप काठोकाठ भरलाच पाहिजे. अर्धवट राहिला तर एसटीच्या हादऱ्यात टोकांची ऊन लागलेली वाळू मधल्या वाळूत मिसळते. एरवी प्रयोगशाळा टोकांची वाळू वयासाठी घेत नाही. थरातला किरणोत्सार वयाच्या हिशोबात लागतो, म्हणून तिच्यातून युरेनियम, थोरियम, पोटॅशियम मोजते. मिसळलेली कशी निवडणार?

पुढच्या तोंडाला ॲल्युमिनियम फॉइल आणि काळी टेप. ओलावाही टिकायला हवा: पाण्याचं प्रमाण १ टक्क्याने चुकलं तर वय साधारण तेवढंच हलतं. मे महिन्यातला नमुना पावसाळ्याचा ओलावा सांगत नाही, हे कोकणात तरी विसरू नये.

काळा पीव्हीसी स्वस्त आणि हलका. सुरूच्या बनातल्या भुसभुशीत वाळूत चालतो, खडे लागले की फुटतो. करळासारख्या (चुन्याने दगडासारखी घट्ट झालेली किनाऱ्याची वाळू) घट्ट थरात मात्र जी.आय.ही हरतो. तिथे ठोकत बसू नका. मोठा ढेकूळ कापून लगेच काळ्या कापडात गुंडाळा.

पाइपला पाचपैकी चार. पण घेण्याआधी वाळू तपासा: वय निघतं ते क्वार्ट्झच्या (गारेच्या) पारदर्शक कणांवरून. मालवण-वेंगुर्ल्याकडे क्वार्ट्झ भरपूर. वर रायगडाकडे, बेसॉल्टच्या मुलखात, पुळण म्हणजे बरीचशी शिंपल्यांचा चुरा आणि काळे कण. चमचाभर वाळूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, फसफस थांबली की पारदर्शक कण उरतात का ते भिंगातून बघा. नसतीलच, तर शिंपल्यांवर रेडिओकार्बन करायचं, समुद्राच्या पाण्यातल्या जुन्या कार्बनची दुरुस्ती धरून. त्यात कळतो तो शिंपल्यातला जीव मेल्याचा काळ; थर त्यानंतर कधीही साचलेला असू शकतो.