दुसऱ्या गाडीचे शॉकअप लावले, त्याला आठ महिने झाले

सहा हजार किलोमीटर होईपर्यंत यावर काही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. ते गेल्या आठवड्यात पूर्ण झाले.

गाडी बाबांची. सव्वाशे सीसीची मोटारसायकल, पंचवीस वर्षं जुनी, मागे दोन शॉकअप. इंजिन ठणठणीत, पण मागची बाजू पार गेलेली. स्प्रिंगचं झुलणं आवरणारं शॉकअपमधलं तेल कधीच गळून गेलं होतं, उरल्या होत्या नुसत्या स्प्रिंगा. खड्ड्यातून बाहेर आल्यावर मागचं टोक दोन-तीनदा झुलायचं आणि वळणावर शेपूट हलल्यासारखं वाटायचं. बाबा मागे बसले की प्रत्येक स्पीडब्रेकरला त्यांची माझ्या खांद्यावरची पकड घट्ट व्हायची. पाठीचं दुखणं आहे त्यांना, बोलून दाखवत नाहीत. हे काम मी मुख्यतः त्यांच्यासाठी केलं.

शॉकअपला हात लावण्याआधी चिमट्याचे (मागचं चाक धरणारा, पुढे फ्रेमला जोडलेला भाग) बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, बदलले. हा क्रम कुणी उलटा करू नये, असं मला मनापासून वाटतं. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक डावी-उजवीकडे हलवून बघा. चाकाचं बेअरिंग चांगलं असूनही चिमटा मुळाशी हलत असेल, तर बुश गेले आहेत. माझ्याकडे एक्सलपाशी तीन-चार मिलिमीटरचा खेळ होता. नवे बुश बसवले, शाफ्टला ग्रीस लावलं आणि जुन्याच शॉकअपवर दोन आठवडे गाडी चालवली. वळणावरचं ते हलणं बहुतेक तेवढ्यानेच थांबलं. दोन्ही कामं एकदम केली असती, तर त्याचंही श्रेय शॉकअपलाच दिलं असतं.

पहिला जोड आणला तो एका बऱ्याच जड गाडीचा. मोठ्या गाडीचे म्हणजे चांगले, एवढाच विचार. सेंटर टू सेंटर लांबी (वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत) माझ्या ३२० मिमीच्या जवळपास होती, त्यामुळे काम झालंच असं वाटलं. स्प्रिंगच्या तारेची जाडी बघितलीच नाही. माझी ७ मिमी, ती ७.५. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय? होतं, कारण स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढे आणि स्प्रिंगचा व्यास तेवढाच धरला, तरी या अर्ध्या मिलिमीटरने ती जवळजवळ एक तृतीयांश जास्त ताठ होते. गाडीच्या मागच्या चाकाची हालचाल ८५ मिमी आहे. मी बसल्यावर त्यातली साधारण तीस टक्के वापरली जायला हवी, म्हणजे २५-२६ मिमी. प्रत्यक्षात गाडी फक्त १४ मिमी बसली. शॉकअपच्या खालची, स्प्रिंग आधीच किती दाबलेली असावी ते ठरवणारी खाच फिरवून सगळ्यात सैल केली, तरी बसण्यात पुरेसा फरक नाही. खाच वाढवली की शॉकअप कडक होतो, असं आपण सगळेच म्हणतो, पण साध्या स्प्रिंगचा ताठपणा खाचेने बदलत नाही. बदलते ती गाडीची उंची. जड स्प्रिंग खाच सोडून हलकी होत नाही.

मग वाटलं, दांडा (स्प्रिंगच्या आतला तेलाचा भाग) त्या शॉकअपचा आणि स्प्रिंग माझी असं करून बघू. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून अदलाबदल केली. (तो नसेल तर हे करायला जाऊ नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात जायचा.) मऊ वाटली गाडी, पहिले दोन किलोमीटर अगदी छान. मग ओळीने खड्डे असलेला रस्ता लागला आणि मागची बाजू खालीखालीच बसत गेली. कारण नंतर लक्षात आलं. त्या शॉकअपमधली तेलाची अडवणूक त्याच्या स्वतःच्या ताठ स्प्रिंगला आवरण्यासाठी होती. माझी मऊ स्प्रिंग त्या अडवणुकीविरुद्ध पुरेशी लवकर उसळू शकत नव्हती, त्यामुळे चाक परत खाली येण्याआधीच पुढचा खड्डा यायचा. चौथ्या-पाचव्या खड्ड्याला थेट शॉकअपची हालचाल संपते तिथल्या रबरावर आपटायची. स्प्रिंग आणि दांडा एकमेकांसाठी बनवलेले असतात, त्यांची ताटातूट करू नये, हे मी तिथे शिकलो.

दुसरा जोड निवडताना आधी वजन बघितलं. माझ्याच गाडीच्या आसपास वजनाची, पण बरीच नंतरची गाडी, गॅस भरलेले शॉकअप. दोन्ही एकाच गाडीचे घेतले, एक इथून एक तिथून असं नाही. दांड्याच्या आत-बाहेर सरकणाऱ्या सळईवर नख फिरवून बघितलं. गंजाचा खड्डा लागला तर तो सील कापणार, म्हणून तसे दोन जोड परत ठेवले. सीलपाशी तेलाचा ओलावा नाही, दाबून सोडल्यावर दोन्ही सारख्याच वेगाने वर येतात, एवढं तपासलं. खालच्या टोकाला माझ्यासारखीच गोल आय, म्हणजे भोक असलेलं कडं, हवी होती. तिथे दुपाखी (मध्ये फट असलेलं) टोक असेल तर विचार सोडून द्या.

तरी जसेच्या तसे बसले नाहीत. यांच्या बुशचं भोक १४ मिमी, माझ्या गाडीवरचा, शॉकअप ज्यावर बसतो तो खिळा १२. मेकॅनिक म्हणाला, पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकून देऊ. मी नको म्हटलं. पट्टी झिजते, मग खिळाही झिजतो आणि आवाज सुरू होतो. लेथवर एक मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या चार नळ्या करून घेतल्या, रुंदीतला फरक वॉशरने भरला. मग स्प्रिंगा काढून नुसते दांडे बसवले आणि चाक हाताने पूर्ण वर उचलून पाहिलं. टायर मडगार्डला, चेन कव्हरला, सायलेन्सरला कुठेच लागत नव्हता. ही तपासणी टाळून गाडी रस्त्यावर काढणं मला धोक्याचं वाटतं.

हे शॉकअप ३३० मिमीचे, म्हणजे दहा मिमी लांब. ते एक्सलच्या पुढे आणि तिरके बसतात, त्यामुळे गाडी मागून साधारण बारा मिमी उचलली गेली आणि पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) जवळजवळ अर्धा अंश उभा झाला. हँडल हलकं झालं. गर्दीत आवडतं. मोकळ्या रस्त्यावर आडवा वारा असला की पहिले काही दिवस जपून राहावं लागलं, आता हाताला सवय झाली. हेडलाइटचा झोत खाली गेला, दहा मीटरवर सुमारे दहा सेंटिमीटर, तो परत लावून घेतला. साइड स्टँडवर गाडी जास्त कलायला लागली म्हणून स्टँडच्या पायाला दहा मिमीची पट्टी वेल्ड केली. मेन स्टँडवर मागचं चाक आता जमिनीला जेमतेम सुटतं, चेनला तेल द्यायला त्रास होतो. यावर माझ्याकडे उपाय नाही.

चेनचं मात्र नीट बघा. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा खिळा आणि एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ असते. गाडी उंच झाली की उभ्या गाडीवर चेन ढिली दिसते, आणि ती बघून आवळली तर दोन माणसं बसल्यावर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. मी पट्ट्याने मागची बाजू दाबून, तिन्ही एका रेषेत आणून मग ढिलाई ठरवली.

आता चालवण्याबद्दल. गाडी मऊ झालेली नाही. ज्यांना सोफ्यासारखं हवं असेल, त्यांची निराशा होईल. खड्डा अजूनही कळतो, पण एकदाच कळतो. चाक आत जातं, परत येतं आणि तिथेच थांबतं. खराब रस्त्यावर तासभर चालवल्यावरही वागणूक तीच राहते, कारण दाबाखालच्या तेलात सहजासहजी फेस होत नाही. ओल्या रस्त्यावर खडबडीत जागी मागचा ब्रेक दाबला की चाक आता उड्या मारत नाही, जमीन धरून ठेवतं. हा फायदा मी धरलेलाच नव्हता, आणि आज मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

आठ महिन्यांत काय बिघडलं? हजार किलोमीटरला वरचा एक डोम नट सैल झाला. लॉकिंग द्रव लावून परत कसला, नंतर हलला नाही. पावसाळ्यात स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावर गंज धरला. तेलगळती नाही, नळ्या अजून घट्ट आहेत. हे शॉकअप उघडून दुरुस्त करता येत नाहीत, त्यामुळे सील गेलं की नवा जोड शोधावा लागेल, हे मान्य करूनच घ्यावेत.

मी आणि बाबा, वर एक जड पिशवी, एवढं झालं की शेवटच्या खाचेवरही मोठ्या खड्ड्यात गाडी रबराला टेकते. बाकी वेळी त्यांचा हात माझ्या खांद्यावर नुसता ठेवलेला असतो. मागची बाजू शांत झाल्यापासून पुढचा फोर्क किती ढिला आहे हे जाणवायला लागलंय. या रविवारी त्याचं तेल आणि सील बदलणार आहे.