कोल्डफ्युजन की लुसी? जुनं सीएफएमएल सांभाळणाऱ्यांसाठी

सीएफएमएल ही वेब ॲप्स लिहायची भाषा, आणि कोल्डफ्युजन हे ती चालवणारं ॲडोबीचं विकतचं इंजिन. त्याच्या २०२१ आवृत्तीचा मूळ सपोर्ट नोव्हेंबर २०२५मध्ये संपला. ज्यांचं जुनं सीएफएमएल अजून तिच्यावर चालतंय, त्यांच्यापुढे दोनच सरळ वाटा आहेत. ॲडोबीची २०२५ आवृत्ती घ्यायची, म्हणजे आता वर्गणी भरायची, नाहीतर तीच भाषा चालवणाऱ्या लुसी या फुकट, मुक्तस्रोत इंजिनावर जायचं. माझ्यावर ही वेळ २०२३मध्ये आली, २०१८ आवृत्तीची मुदत संपली तेव्हा.

ॲडोबीच्या बाजूने बोलायचं तर पीडीएफ. फॉर्म भरणं, फाईली जोडणं, सगळं पेटीतच येतं. शिवाय टेंडरमध्ये ‘उत्पादक कंपनीचा आधार’ अशी अट असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, ॲडोबीच घ्या.

मला छळलं ते परवान्याने, किमतीपेक्षा त्याच्या कागदांनी. एका संस्थेच्या प्रवेशाचं काम माझ्याकडे होतं. अर्जांची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली आणि सर्व्हर गुदमरायला लागला. दुसरं मशीन वीस मिनिटांत तयार झालं, पण त्यावर इंजिन चढवायला परवाना हवा. मग कोटेशन, तुलनात्मक तक्ता, लेखा विभागाची सही. परवाना हातात पडला अकराव्या दिवशी. त्या दोन रात्री मी दर अर्ध्या तासाने सर्व्हिस रीस्टार्ट करत बसलो, आणि प्रत्येक वेळी कुणा ना कुणाचा अर्धा भरलेला अर्ज उडत होता. ती मुलं पुन्हा पहिल्या पानापासून भरत होती. हे मला आजही टोचतं.

लुसीवर गेल्यानंतरच्या हंगामात तीच डॉकर इमेज, म्हणजे इंजिनासकट ॲपची तयार बांधलेली प्रत, चार ठिकाणी उभी केली आणि तारीख उलटल्यावर तीन बंद केल्या. कुणाची सही लागली नाही.

अर्थात स्थलांतर फुकटात झालं नाही. सीएफफॉर्म या फॉर्म बनवणाऱ्या सीएफएमएल टॅगवर उभी असलेली पानं नव्याने लिहावी लागली. फीच्या पावतीत सहीची ओळ घसरून दुसऱ्या पानावर जायची, कारण माझं सीएसएस, म्हणजे पानाची मांडणी ठरवणारा कोड, जुन्या इंजिनाच्या मापाने बेतलेलं होतं. तीन दिवस त्यातच गेले. लुसी ५पासून बरीच कामं एक्स्टेन्शनकडे, म्हणजे इंजिनाला वेगळ्या जोडायच्या तुकड्यांकडे असतात, तेव्हा कुठल्या सर्व्हरवर कुठली आवृत्ती आहे ही वही आपणच ठेवायची.

‘फुकट आहे, उद्या बंद पडलं तर?’ हा प्रश्न मलाही विचारला गेला, आणि तो रास्त आहे. लुसीचं मूळ रायलोत आहे. रायलो हे स्वित्झर्लंडमध्ये घडलेलं, विकत मिळणारं इंजिन होतं. २००८मध्ये ते मुक्तस्रोत करण्याचं जाहीर झालं आणि २००९मध्ये ३.१ आवृत्ती एलजीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली आली. ब्लूड्रॅगन हे आणखी एक सीएफएमएल इंजिनही २००८मध्येच जीपीएल या अधिक कडक मुक्तस्रोत परवान्याखाली खुलं झालं होतं, पण ते पुढे थंडावलं. म्हणजे नुसता कोड खुला करून भागत नाही. मला वाटतं, कोड खुला नसलेल्या आपल्या उत्पादनासोबत इंजिन देता येईल अशी एलजीपीएलची मोकळीक रायलोच्या कामी आली असावी. रायलो रेंगाळलं तेव्हा जानेवारी २०१५मध्ये त्याच कोडवर लुसी उभं राहिलं आणि लोकांची ॲप्स चालत राहिली. इंजिनाचा कोड खुला नसता, तर त्यांच्या हाती जुन्या जार फाईली, म्हणजे इंजिनाच्या तयार जावा फाईली, तेवढ्या उरल्या असत्या.

आणखी एक गोष्ट, जी मला आधी महत्त्वाची वाटली नव्हती. एका अहवालात ०५/०६ ही तारीख ५ जूनऐवजी ६ मे होत होती. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर लुसीचा जावा कोड उघडला, मजकुरातून तारीख वाचणारं पार्सडेटटाइम हे फंक्शन महिना आधी धरतं हे डोळ्यांनी पाहिलं, आणि लोकेल, म्हणजे त्या त्या देशाची तारखेची पद्धत, पाहणारं एलएसपार्सडेटटाइम घातलं. दोन्ही इंजिनांत फंक्शनं हीच आहेत. फरक इतकाच की इथे उत्तर शोधायला आत जाता आलं.

तुमचा सगळा डोलारा पीडीएफ फॉर्मवर असेल तर कदाचित माझा अनुभव लागू पडणार नाही. तरी वर्गणी भरण्याआधी एक शनिवार काढा. कमांडबॉक्स या सीएफएमएल सर्व्हर चालवणाऱ्या साधनाने एकाच लॅपटॉपवर दोन्ही इंजिनं उभी राहतात. लॉगिनचं पान चालवून समाधान मानू नका. सगळ्यात किचकट पावती आणि सगळ्यात मोठा अहवाल आधी लुसीवर चालवा.