गाडी हलत नाही, गिअर पडत नाही: ईएलएम ३२७ अडॅप्टर कितपत कामाचा?

काडेपेटीएवढा ब्लूटूथ अडॅप्टर, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी-२ सॉकेटमध्ये (गाडीतले दोष वाचायचं सॉकेट) खोचायचा आणि फोनवर ॲप उघडायचं. रेस देऊनही गाडी जागची हलत नसेल तर एवढ्यावर दोष सापडतो का? ऑटोमॅटिक गाडीत निम्मा सापडतो, आणि तो निम्मा फार मोलाचा असतो. मॅन्युअल गाडीत मात्र याची फारशी मदत नाही. क्लच प्लेट, गिअर केबल, सिंक्रोनायझर (गिअर बदलताना फेरे जुळवणारा भाग) यांच्या झिजेवर लक्ष ठेवणारा सेन्सरच नसतो, मग दोषाचा कोड येणार कुठून?

त्यामुळे मॅन्युअल गाडीत आधी हात वापरा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, चालू केल्यावर अडतात आणि रिव्हर्स टाकताना करकर होते, तर क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक क्लच असेल तर ऑइलची पातळी, लाइनमध्ये शिरलेली हवा, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची गळती बघायची. केबलचा असेल तर केबलचा ताण. इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसेल तर संशय लिंकेजवर, म्हणजे लिव्हर आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागांवर. तिथलं प्लास्टिकचं बुश तुटून केबल निसटलेली असणं अगदी नेहमीचं.

गिअर पडतो, क्लच सोडला की इंजिन नुसतं फिरतं, गाडी हलत नाही? समोर मोकळी जागा ठेवून हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. पडलं नाही तर प्लेट घसरते आहे किंवा चाकाला फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट सुटला आहे. एकच शाफ्ट तुटला तरी गाडी हलत नाही, कारण दोन चाकांत फेरा वाटणारा साधा डिफरन्शियल सगळा फेरा त्या मोकळ्या बाजूला देतो. ही चाचणी एकदाच करा, प्लेट तापते.

ऑटोमॅटिकमध्येही अडॅप्टर खोचण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. लिव्हर पार्कमधून निघत नसेल तर ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का ते पाहा. लागत नसतील तर दोष बहुधा ब्रेक पेडलच्या स्विचचा किंवा फ्यूजचा; गिअरबॉक्स उघडायची गरज नाही. पुष्कळ गाड्यांत लिव्हरशेजारी झाकणाखाली शिफ्ट लॉक सोडायची खाच असते, ब्रेकवर पाय ठेवून ती दाबली की तात्पुरतं काम भागतं. दुसरी गोष्ट ऑइल. डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागी, बहुधा गरम आणि चालू ठेवून, गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पातळी मोजा. काळपट, जळका वास येणारं ऑइल म्हणजे आतले क्लच जळालेत. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, दाब बनत नाही आणि ड्राइव्हमध्ये टाकूनही गाडी उभीच राहते.

आता अडॅप्टर. पहिला कोड बहुतेकदा पी ०७०० येतो, आणि इथेच लोक फसतात. तो दोष नाही, तो निरोप आहे: गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे कोड साठलेत, तिकडे बघा. फुकटची साधी ॲप्स बहुधा इंजिनच्या ईसीयूपाशीच (इंजिनच्या कंट्रोलरपाशीच) थांबतात. तुमच्या गाडीचा ट्रान्समिशन मॉड्यूल, म्हणजे हाच गिअरबॉक्सचा कंट्रोलर, वाचणारं ॲप नसेल तर हा अडॅप्टर अर्धवटच.

मॉड्यूल वाचता आला की खरी मजा लाइव्ह डेटात, म्हणजे चालू गाडीच्या त्या त्या क्षणाच्या आकड्यांत, आहे. इनपुट (इंजिनकडून येणाऱ्या) आणि आउटपुट (चाकांकडे जाणाऱ्या) शाफ्टचे दर मिनिटाचे फेरे शेजारी ठेवा. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५ धरलं तर इनपुट २४०० असताना आउटपुट १६०० हवं. ते १४०० दिसलं तर तिसऱ्याचा क्लच घसरतो आहे, आणि पी ०७३३ हा कोड नेमकं तेच सांगतो. पण आधी सेन्सरवर विश्वास ठेवण्याजोगं आहे ना ते बघा. पी ०७१५ किंवा पी ०७२० सोबत असेल तर इनपुट किंवा आउटपुट स्पीड सेन्सरचा कनेक्टर उघडून ऑइल, गंज, तुटकी वायर तपासा. हा आकडा चुकला तरी कंट्रोलर लिंप मोडमध्ये (बचावापुरत्या चालीत) जातो आणि गाडी एकाच गिअरला चिकटते. पी ०७५० आला म्हणून लगेच सोलेनॉइड (गिअर बदलणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) मागवू नका. त्यामागे वायरचा दोषही असू शकतो. मल्टिमीटरने रोध मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

बॅटरीचं व्होल्टेजही हाच अडॅप्टर दाखवतो. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दाखवते. ती खूप खाली असेल तर आधी ती सुधारा, कारण कमी व्होल्टेजवर मॉड्यूल खोटेनाटे कोड टाकतात.

विकत घेताना एक खबरदारी. ‘आवृत्ती १.५’ असं छापलेला अडॅप्टर नक्कल आहे, मूळ चिप बनवणाऱ्या ईएलएम कंपनीने ती आवृत्ती काढलीच नव्हती. नक्कल असूनही काही चांगले चालतात, पण ‘२.१’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे काही कमांड्स गाळतात आणि गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाहीत. आयफोन असेल तर वायफाय किंवा कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा घ्या, जुन्या ब्लूटूथचा जोडला जात नाही. काम झालं की काढून ठेवा. गाडी बंद असतानाही तो बॅटरीतून वीज खात राहतो. आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. पुसल्यावर दोष आला त्या क्षणाचे फेरे, वेग, तापमान सगळं जातं, आणि गाडी दुरुस्त करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.