कोल्हा नेमका किती लांब? निकॉन फॉरेस्ट्री प्रो टू खानदेशच्या शिवारात

निकॉनचा फॉरेस्ट्री प्रो टू हा लेझर रेंजफाइंडर मुळात झाडं मोजणाऱ्यांसाठी बनवलेला आहे. सहा पट मोठं दाखवणारी, २१ मिमी भिंगाची एकडोळी दुर्बीण, आत लेझर आणि कोन मोजणारा सेन्सर. साडेसात मीटरपासून १६०० मीटरपर्यंतचं अंतर ती मोजते. वजन बॅटरीशिवाय १७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शर्टाच्या खिशात मावेल एवढी. यावल अभयारण्यात, अनेर धरणाच्या काठाने किंवा चाळीसगावच्या बाजूला गौताळ्याच्या उतारावर प्राण्यांची गणना करणाऱ्यांनी ती घ्यावी का, आणि घेतली तर कशी वापरावी, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. झाडाची उंची ती उत्तम मोजते, त्याबद्दल वनखात्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आधी एक खुलासा. रेंजफाइंडर कसा वापरायचा हे शिकवणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या कायोटीच्या, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या, शिकारीचे असतात. ससा पकडला गेल्यावर ओरडतो तसा आवाज तोंडाने किंवा यंत्राने काढायचा, पंधरा-वीस मिनिटं एका जागी बसायचं, कायोटी आला की अंतर मोजून गोळी झाडायची. तिथे अनेक राज्यांत हे कायदेशीर आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्याच मोठी आहे. मारणं तर सोडाच, वन्यप्राण्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा तिच्यात येतं. कोल्ह्याला बोलवायला स्पीकरवर आवाज लावणं हा आपल्याकडे हौसेचा विषय नाही. सर्वेक्षणासाठी कोल्हेकुई वाजवायची असेल तर वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय वाजवू नका. मात्र त्या लोकांकडून अंतराची शिस्त शिकण्यासारखी आहे, कारण अंतर चुकलं की त्यांचं सगळंच चुकतं. २०० यार्डांवर नेमाला लागेल अशा बेताने झाडलेल्या हलक्या, वेगवान गोळीची घसरण ३०० यार्डांवर साधारण आठ इंच होते आणि ४०० वर दोन फुटांच्या घरात जाते. तिनशेला चारशे समजणारा माणूस जनावराच्या पाठीवरून गोळी घालवतो. गणनेत चूक अशी लगेच दिसत नाही. ती आकडेमोडीत मुरते आणि तालुक्यात कोल्हे किती, या उत्तरातून बाहेर पडते.

त्यांची नजर मात्र उसनी घेऊ नका. कायोटी खांद्याशी साठेक सेंटीमीटर उंच, आपला कोल्हा चाळीस-पंचेचाळीस. २०० मीटरवरचा कोल्हा डोळ्याला २८०-२९० मीटरवरच्या कायोटीएवढाच दिसतो. व्हिडिओ बघून तयार झालेला अंदाज इथे सरळ तिसऱ्या हिश्शाहून जास्त चुकतो. खोकड त्याहून लहान असल्यामुळे आणखी चुकतो. दुर्बिणीत मिलिरेडियनच्या खुणा (एक खूण म्हणजे हजार मीटरवर एक मीटर) असतील तर हिशेब सोपा आहे: उंची मिलिमीटरमध्ये घ्या, खुणांनी भागा, उत्तर मीटरमध्ये मिळतं. ४२० मिमीचा कोल्हा दोन खुणा व्यापत असेल तर तो २१० मीटरवर आहे. फक्त तो सरळ उभा हवा. मान खाली घालून हुंगत चाललेल्या कोल्ह्यावर हा हिशेब लावू नये.

आता खरा मुद्दा. हा रेंजफाइंडर आकडा चुकवत नाही. ज्या वस्तूवर किरण आपटून परत आला तिचं अंतर तो मीटरभराच्या आत बरोबर सांगतो. ती वस्तू कोल्हाच होती का, हे तो सांगत नाही. खानदेशात घोटाळा होतो तो इथेच, आणि त्याचं कारण आपल्या पिकांत आणि मातीत आहे.

असे रेंजफाइंडर साधारण ९०५ नॅनोमीटरचा किरण वापरतात, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश. या प्रकाशात हिरवं पान गडद नसतं, उजळ असतं. केळीचं पान, दादर ज्वारीची ताटं, बांधावरचं हिरवं गवत हे सगळं लेझरला पांढऱ्या भिंतीसारखं दिसतं. काळी माती मात्र प्रकाश गिळते, आणि पाऊस पडून गेल्यावर आणखीच. म्हणून रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बागेच्या कडेला उभ्या कोल्ह्यावर नेम धरला की पुढे लोंबणारं एक पान ३८ मीटर दाखवून मोकळं होतं. नांगरटीच्या मधोमध बसलेल्या कोल्ह्यावर धरला की आकडाच येत नाही, किंवा मागच्या बांधाचा येतो. नांगरटीकडे किरण जवळजवळ आडवा जातो, परत फारसं काही येत नाही. किरण दोऱ्यासारखा बारीकही नसतो, तो पसरतो. २ मिलिरेडियन पसरणारा किरण २०० मीटरवर ४० सेंटीमीटर रुंद होतो, म्हणजे आख्ख्या कोल्ह्याएवढा. हात थोडा जरी हलला तरी निम्मा किरण बाजूने निघून जातो.

याचा इलाज यंत्रातच आहे, आणि गणनेसाठी याच मॉडेलची शिफारस करावी असं वाटण्याचं ते मोठं कारण आहे. त्यात दोन पद्धती आहेत: सगळ्यात जवळच्या वस्तूला प्राधान्य आणि सगळ्यात लांबच्या वस्तूला प्राधान्य. पऱ्हाटी (कपाशी), गवत किंवा केळीच्या पानांमधून पलीकडे बघायचं असेल तर लांबची पद्धत लावा, ती मधल्या पानांचे आकडे टाकून देते. कोल्हा उघड्यावर आहे आणि मागे बांध किंवा टेकडी आहे, तर जवळची लावा, नाहीतर टेकडीचं अंतर मिळेल. सकाळी केळीबागेतून निघून दुपारी माळावर गेलात तर पद्धत बदलायची आठवण ठेवा. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. गोल्फसाठी मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत सहसा फक्त जवळची पद्धत असते, झेंड्याच्या काठीवर अडकावं म्हणून. मोकळ्या माळावर ती चालतात, केळीच्या पट्ट्यात चालत नाहीत.

पेटीवर लिहिलेले १६०० मीटर मोठ्या, चकचकीत वस्तूंचे असतात. पत्र्याचं शेड, पांढरी भिंत. केसाळ जनावरावर तेवढी अपेक्षा ठेवू नये. केस प्रकाश विखरून टाकतात, आणि कोल्हा लहान. भर दुपारी उन्हाचा प्रकाश सेन्सरवर आदळत असतो, तेव्हा पल्ला आणखी घटतो. ऊन कललं की सुधारतो. रोही (नीलगाय) मोठा असल्याने त्याचं माप कोल्ह्यापेक्षा कितीतरी लांबून घेता येतं. त्याची आडवी कूस समोर असेल तर खांद्यावर नेम धरा, पायांवर नको. पायांमधून किरण पलीकडे निघून जातो.

कोल्ह्यावर आकडा येत नसेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबण्यात अर्थ नाही. तो ज्या बाभळीपाशी आहे तिचं खोड मोजा, ज्या बांधावर आहे त्या बांधाची उभी बाजू मोजा, किंवा त्याच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन वस्तू मोजून मध्ये त्याला बसवा. बटण दाबून धरलं की यंत्र काही सेकंद सतत मोजत राहतं. त्या वेळात नेम बांधावरून कोल्ह्यावर हळूच सरकवला की आकडा कुठे उडी मारतो ते दिसतं, आणि ती उडी कशामुळे आली हेही कळतं. हात टेकवायला बांबूची काठी पुरे. छातीएवढी कापायची, वरच्या टोकाला कापड गुंडाळायचं.

याहूनही उपयोगी सवय म्हणजे प्राणी येण्याआधी मोजून ठेवणं. कायोटीवाले बसल्याबरोबर आधी चारी बाजूंच्या खुणा मोजतात, आवाज नंतर काढतात. आपणही मचाणावर किंवा बांधावर बसलो की विहिरीचा कठडा, विजेचा खांब, आंब्याचं झाड, पाटाचं वळण, प्रत्येकाचं अंतर वहीत नकाशा काढून लिहावं. मोकळ्या नांगरटीत काहीच नसेल तर मालकाला विचारून ५०, १००, १५० आणि २०० मीटरवर चुना लावलेल्या काड्या रोवा. मग संध्याकाळी उजेड गेला, यंत्राचा पडदा वाचता येईना, तरी कोल्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या काडीच्या मध्ये आहे एवढं नक्की लिहिता येतं. कोल्हे बाहेर पडतात नेमके याच वेळी. काळ्या आकड्यांचा पडदा असलेलं कोणतंही यंत्र काळ्या मातीवर तेव्हा वाचायला जड जातं. आकाशाकडे वळवून आकडा वाचावा.

डोळ्याचा अंदाज यंत्राला उलट तपासून बघायलाही लागतो, म्हणून डोळा कुठे फसतो ते माहीत असावं. सपाट, एकसारख्या नांगरटीपलीकडची वस्तू आहे त्यापेक्षा जवळ वाटते. मधे नाला किंवा खोलगट असून त्याचा तळ दिसत नसेल तरीही जवळ वाटते. तापीकाठच्या घळींमध्ये हे हमखास होतं. सूर्य आपल्या पाठीशी असला की जवळ. अंधुक उजेडात, धुळीत, किंवा वस्तू जमिनीच्या रंगात मिसळली असली की लांब. म्हणजे हिवाळ्यातल्या संध्याकाळी भुऱ्या गवतातला कोल्हा आपण लांब धरतो आणि सकाळच्या उन्हात नांगरटीपलीकडचा जवळ धरतो. मोजण्याआधी अंदाज मोठ्याने बोलायचा, मग बटण दाबायचं. काही आठवड्यांत आपली चूक कोणत्या बाजूला जाते ते कळतं.

सातपुड्याच्या उतारावर काम असेल तर आडवं अंतर दाखवण्याची सोय सगळ्यात महत्त्वाची. ३० अंशांच्या चढावर २०० मीटर तिरपं अंतर नकाशावर १७३ मीटर होतं, २० अंशांवर १५० चं १४१. गणनेत क्षेत्रफळ काढायचं असतं, म्हणून आडवं अंतरच लिहायचं. रेषेवरून चालत गणना करताना होकायंत्रावरून कोन घ्या. प्राणी १२० मीटरवर आणि चालण्याच्या रेषेपासून ३५ अंशांवर असेल तर रेषेपासूनचं लंब अंतर १२० गुणिले ०.५७, म्हणजे ६९ मीटर. प्राणी उठून पळाला तरी तो पहिल्यांदा दिसला तीच जागा मोजायची, पळून थांबला ती नाही. कळप असेल तर मधल्या प्राण्याची.

मापाचं एकक दर वेळी सुरू करताना बघा. मीटर आणि यार्ड दोन्ही दाखवता येतात, बटण चुकून बदलतं, आणि ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर. पूर्ण दिवसाची वही नऊ टक्क्यांनी फुगलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. सकाळी टेप लावून मोजलेल्या ५० मीटरवरच्या भिंतीवर एक माप घ्यायची सवय लावली की हा धोका संपतो.

कोल्हेकुई ऐकून गणना करायला हे यंत्र काही कामाचं नाही, आणि ते खरेदी करण्याआधी समजून घ्यावं. आवाज झाडीमागून येतो, किरण झाडीवर थांबतो. तिथे गणना करणाऱ्या माणसांच्या दोन जोड्या एकमेकींपासून सात-आठशे मीटरवर बसवून दोघींनी एकाच वेळी होकायंत्राने दिशा घ्यायची आणि नकाशावर रेषा जिथे छेदतील तिथे कळप. तीन अंशांची चूक एक किलोमीटरवर ५२ मीटर होते, म्हणून मोटरसायकल, लोखंडी फाटक आणि विजेच्या तारांपासून दूर उभं राहून दिशा घ्यावी. डोंगराला पाठ असेल तर प्रतिध्वनीने दुसरा कळप असल्याचा भास होतो. यंत्राचा उपयोग एवढाच की दोन जोड्यांमधलं अंतर, समोरासमोर दिसत असतील तर, त्याने पक्कं मोजता येतं. तेव्हा समोरच्याला दुर्बिणीतून आपल्याकडे बघायला मनाई करा. हा लेझर उघड्या डोळ्याला सुरक्षित मानतात, पण भिंगातून थेट त्याच्याकडे बघू नये.

बॅटरी सीआर टू, तीन व्होल्टची. मोठ्या फोटोग्राफीच्या दुकानात विचारावी लागते. खेड्यातल्या दुकानात सीआर २०३२ ची चपटी गोळी किंवा सीआर १२३ हातात ठेवतात, दोन्ही बसत नाहीत. गणनेच्या आठवड्याआधी दोन बॅटऱ्या जवळ असाव्यात. चार्ज होणाऱ्या त्याच आकाराच्या लिथियम आयन बॅटरीचा व्होल्ट जास्त असतो, ती घालू नका. यंत्र पाण्यात पडलं तरी थोडा वेळ तग धरतं, पण बॅटरीचा कप्पा फक्त पावसापुरता बंद आहे. सुकी नदीच्या पात्रात पडलं तर आधी कप्पा उघडून पुसा. वापराची मर्यादा ५० अंश सेल्सियसपर्यंत आहे. भुसावळच्या मे महिन्यात सावलीत चालतं, उन्हात उभ्या केलेल्या जीपच्या डॅशबोर्डवर ठेवू नये.

डोंगरात काम करणाऱ्या पथकाने हेच घ्यावं. फक्त स्वतःच्या शेतात रानडुक्कर किती लांब आलं एवढंच बघायचं असेल, तर गोल्फचं साधं यंत्र आणि चुन्याच्या चार काड्या पुरतात. ते बरंच स्वस्तही पडतं. घेताना त्यात मीटर आहे ना आणि पडदा संध्याकाळी वाचता येतो ना, हे दुकानाबाहेर उन्हातून सावलीत येऊन स्वतः बघून घ्या.