दोन जातींची रॅम एकाच मदरबोर्डवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मांडणी अशी: बी५५० मदरबोर्ड, एएमडीच्या रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर. रॅमच्या जुन्या दोन पट्ट्या ८ जीबीच्या, डीडीआर४-३२०० (३२०० हा वेग), सीएल१६ (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे क्लॉक, म्हणजे रॅमचे ठोके; आकडा जितका कमी तितके चांगले). नव्या दोन दुसऱ्या कंपनीच्या, १६ जीबीच्या, त्याही ३२०० च्या पण सीएल१८. चारही सिंगल रँक (चिपचा एकच गट असलेल्या; ड्युअल रँकमध्ये दोन), एकूण ४८ जीबी. निकाल आधीच सांगायचा तर मिश्रण चालते आणि नीट चालते, पण खोक्यावर छापलेल्या ३२०० वर नाही, २९३३ वर.

हा आकडा योगायोगाचा नाही. या मालिकेसाठी एएमडीचीच अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ३२००, चार सिंगल रँक पट्ट्यांना २९३३ आणि चार ड्युअल रँकना २६६७ आहे. त्यापुढे चालले तर नशीब. त्यामुळे चारही पट्ट्या एकाच कंपनीच्या घेतल्या असत्या तरी ३२०० ची हमी नव्हतीच. सगळा दोष मिश्रणाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

सर्वात जास्त चुका होतात त्या स्लॉट निवडताना. प्रोसेसरच्या बाजूने मोजले तर क्रम ए१, ए२, बी१, बी२. ए आणि बी हे प्रोसेसर व रॅममधले दोन मार्ग, म्हणजे चॅनल. इथे ८, १६, ८, १६ असे बसवले आहे, म्हणजे दोन्ही चॅनलवर २४-२४ जीबी आणि पूर्ण ४८ जीबी ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरात). दोन्ही मोठ्या पट्ट्या ए मध्ये आणि दोन्ही लहान बी मध्ये घातल्या, तर ३२ विरुद्ध १६ होते: ३२ जीबी ड्युअल, उरलेली १६ सिंगल. संगणक तरीही निमूट चालू होतो, म्हणूनच ही चूक महिनोन् महिने कळत नाही.

आता टायमिंग, म्हणजे रॅमच्या प्रत्येक क्रियेला किती क्लॉक द्यायचे ते आकडे; सीएल हा त्यातला पहिला. डीडीआर४ मध्ये सर्व स्लॉटना एकच व्होल्टेज आणि एकच टायमिंग मिळते. एक्सएमपी (पट्टीतच साठवलेली वेगाची तयार सेटिंग) चालू केले की काही बोर्ड एकाच पट्टीचे प्रोफाइल उचलून चारहींवर लादतात. ते सीएल१६ चे निघाले, तर नव्या पट्ट्यांना झेपत नाही आणि स्क्रीन काळीच राहते. मग सीमॉस क्लिअर करण्यावाचून, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणण्यावाचून, गत्यंतर नाही. म्हणून आकडे बायोसमध्ये हाताने भरलेले बरे: व्होल्टेज १.३५, वेग २९३३, टायमिंग १८-२१-२१-३९, इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतला दुवा) १४६७. हिशोबाने सीएल१७ पुरले असते, पण गिअर डाउन मोड (रॅमला आज्ञा अर्ध्या वेगाने देणारी सेटिंग) सम आकडाच घेतो, म्हणून १८.

हमखास विसरला जाणारा आकडा टीआरएफसीचा, म्हणजे चिपमधला डेटा ताजा करायला लागणाऱ्या वेळेचा. ८ जीबीच्या पट्टीत सहसा ८ गिगाबिटच्या चिप असतात, त्यांना प्रमाणानुसार ३५० नॅनोसेकंद लागतात. १६ जीबीच्या सिंगल रँक पट्टीत १६ गिगाबिटच्या चिप, त्यांना ५५०. म्हणजे २९३३ वर ८०७ क्लॉक. जुन्या पट्ट्यांसाठी ३२०० वर भरलेला ५६० तसाच राहिला, तर विंडोज सुरू होते, ब्राउझर चालतो, आणि रॅम मात्र आतून चुका करत राहते.

त्या चुकांची लक्षणे ठरलेली आहेत. निळा स्क्रीन दर वेळी वेगळाच कोड दाखवतो. मोठी झिप फाइल उलगडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) येते आणि तीच फाइल दुसऱ्यांदा बिनबोभाट उघडते. हे दिसले की महत्त्वाच्या फाइली सेव्ह करणे थांबवावे, कारण बिघडलेला डेटा थेट डिस्कवर उतरतो. रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून बूट करून रात्रभर चालवावे. एकही चूक खपवून घेऊ नये. ‘एकच तर आली’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. चूक आली तर आधी वेग एक पायरी खाली आणावा, तरीही आली तर एकेक पट्टी एकटी ए२ मध्ये लावून तपासावी. ३२०० वर या मांडणीत चाचणीत चुका येत होत्या, २९३३ वर एकही नाही.

आठ महिन्यांत २९३३ वर क्रॅश नाही, स्लीपमधून उठतानाही अडचण नाही. २९३३ आणि ३२०० मधला फरक रोजच्या कामात जाणवत नाही. १६ आणि ४८ जीबीमधला मात्र व्हर्च्युअल मशीन, मोठे फोटो किंवा व्हिडिओ संपादन सुरू केले की लगेच कळतो, कारण डिस्कवरचे स्वॅपिंग (रॅम भरली की डेटा डिस्कवर हलवणे) थांबते. फक्त गेमसाठी ३२ जीबी हवी असेल, तर जुन्या काढून १६ च्या दोन पट्ट्यांचा जोडसंच घ्यावा. चार स्लॉट भरण्याचा हट्ट नको.

खरेदीआधी सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या एसपीडी टॅबमध्ये जुन्या पट्टीचा पार्ट नंबर, रँक आणि टायमिंग पाहून घ्यावे. नाव तेच असले तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात, म्हणून लेबलवर आवृत्ती क्रमांक छापलेला असेल तर तोही जुळवावा. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवावी.

डीडीआर५ वर हा प्रयोग करू नये. रायझन ७००० मध्ये दोन पट्ट्यांना अधिकृत ५२००, तर चारांना ३६००. तिथे मिश्रणाआधी चार पट्ट्यांचाच भार नडतो.