ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, थांबत थांबत: बेळगावातून केलेल्या लांब प्रवासाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

परत येऊन बरेच महिने झाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळंच छान म्हणून मोकळी झाले असते. आता कोणता खर्च सार्थकी लागला, कोणता मुक्काम अजून आठवतो आणि कोणता विसरला गेला, हे नीट सांगता येईल. टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही चौघं होतो. मी आणि हे, थोरले भाऊजी आणि अक्का. सगळे साठीच्या पुढचे. फेब्रुवारीत निघालो आणि एप्रिल संपता संपता परतलो. मार्ग असा: बेंगळुरू, सिंगापूर, मेलबर्न, सिडनी, मग न्यूझीलंडचं दक्षिण बेट, बोटीनं उत्तर बेट, आणि ऑकलंडहून परत. सहल कंपनीबरोबर न जाता स्वतः आखून गेलो. माझं ठाम मत आहे की आमच्या वयाच्या माणसांनी इतक्या लांब जायचं तर असंच जावं. मुक्काम कमी, पण प्रत्येक मुक्काम मोठा.

त्याचं पहिलं कारण झोप. पूर्वेकडे जाताना घड्याळ पुढं पळतं आणि ते शरीराला फार जड जातं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, मेलबर्न त्या दिवसांत साडेपाच तास, न्यूझीलंड साडेसात. एका दमात ऑकलंडला उतरलेली आमच्या ओळखीची माणसं पहिला आठवडा रात्री जागी आणि दुपारी पेंगुळलेली असायची. आम्ही पायरी पायरीनं गेलो. सिंगापुरात दोन रात्री निवांत काढल्या, मेलबर्नला घर भाड्यानं घेऊन मोठा मुक्काम केला. न्यूझीलंडला पोचलो तेव्हा तिथल्या सकाळी सकाळच वाटत होती. भाऊजींना मधुमेह आहे. गोळ्या आणि जेवणाच्या वेळा हळूहळू सरकल्या, त्यामुळे त्यांना त्रास झाला नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घेतलं होतं, ते तुम्हीही घ्या.

दुसरी गोष्ट तिकीट. मेलबर्नला उतरायचं आणि ऑकलंडहून निघायचं, मधला सिडनी ते क्राइस्टचर्चचा टप्पाही त्यातच, असं सगळं एकाच मल्टी-सिटी तिकिटात, एकाच पीएनआरवर घेतलं. सुटी सुटी तिकिटं जोडली असती तर थोडी स्वस्त पडली असती. पण सिडनीहून निघायच्या दिवशी विमान रद्द झालं. पुढच्या विमानात जागा देणं, रात्रीची राहण्याची सोय करणं हे सगळं विमान कंपनीनंच केलं, आम्हाला वेगळे पैसे भरावे लागले नाहीत. तिकिटाचा जास्तीचा खर्च त्या एका रात्रीत वसूल झाला.

बेळगावकरांना एक अडचण मात्र वेगळीच आहे. सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळुरूला जाणारं विमान वेगळ्या तिकिटावर घेतलं तर चेक-इन सामान १५ किलो, आणि पुढच्या आंतरराष्ट्रीय विमानात त्याच्या जवळजवळ दुप्पट चालतं. म्हणजे मोठी बॅग भरली की घराजवळच जादा वजनाचे पैसे. आम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीतून बेंगळुरूला गेलो आणि दुसऱ्या दिवशी रात्रीचं विमान धरलं. मध्ये पूर्ण दिवस हाताशी होता, त्यामुळे गाडी उशिरा आली तरी जिवाला घोर नव्हता.

व्हिसा तिन्ही देशांचे लागतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे अर्ज ऑनलाइन करता येतात, पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत, पत्र ईमेलनं येतं. आपल्या भागातल्या माणसाला कागद जमवताना वेळ जातो तो भाषेमुळे. शेतीचा उतारा, घरपट्टीची पावती, सगळं कन्नडमध्ये. परत येण्यासारखं इथं काय आहे हे दाखवायला तेच कागद द्यावे लागतात आणि इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. हे काम सगळ्यात आधी हाती घ्या, बाकीचं महिनाभरात होतं.

आता खाण्याचं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोन्ही देश शेती आणि जनावरांच्या रोगांबाबत अतिशय कडक आहेत आणि ते मला पटलं. ज्या देशाचं निम्मं पोट गाई-मेंढ्यांवर चालतं तो लाळ्या-खुरकुताला घाबरणारच. म्हणून कुंदा न्यायचा नाही, कितीही नाव घेऊन मुलं वाट पाहत असली तरी. दूध आटवून केलेला पदार्थ आपल्याकडून तिथं चालत नाही. न्यूझीलंडला मधही नाही. आम्ही कंपनीच्या बंद पाकिटातली शेंगाची चटणी, भडंग, मेतकूट आणि मसाला नेला आणि प्रवेशाच्या अर्जावर सगळ्याची नोंद केली. अधिकाऱ्यांनी पाकिटं पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि परत दिली. नोंद न करता न्यूझीलंडमध्ये एखादं सफरचंद जरी बॅगेत सापडलं तरी जागेवर ४०० डॉलर दंड होतो. बुटांना लागलेली मातीसुद्धा बघतात, त्यामुळे चालण्याचे बूट घासून पुसून न्या. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत हवी. तीन महिन्यांपुरती नेता येतात.

स्वयंपाकघर असलेलं घर घेणं हा या प्रवासातला सगळ्यात शहाणा निर्णय. मेलबर्नच्या डँडेनाँगमध्ये भारतीय दुकानांची अख्खी वस्ती आहे, सिडनीला हॅरिस पार्क आहे. पीठ, तूरडाळ, कढीपत्ता सगळं मिळतं. अक्कांनी सकाळी भाकऱ्या थापून दिल्या की दिवसभर बाहेर खाण्यावर अवलंबून राहायला नको. चौघांच्या बाहेरच्या एका साध्या जेवणात आठवड्याचं वाणसामान येतं तिथं. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याचं, त्यामुळे बाटल्यांवर खर्च नाही.

मेलबर्नमध्ये शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट आहे. आम्ही नुसतं बसून शहर पाहिलं. ग्रेट ओशन रोडला मात्र दोन दिवस द्या. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यानं खोदलेला हा रस्ता त्यांच्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक आहे. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वाचून रस्त्याकडे बघण्याची नजरच बदलते. ह्यांनी गाडी थांबवून तिथली पाटी पूर्ण वाचली. शेवटी समुद्रात उभे असलेले ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’चे चुनखडीचे सुळके आहेत. लाटा त्यांना अजून खात आहेत, २००५ साली त्यांतला एक कोसळला. फिलिप आयलंडला तिन्हीसांजेला समुद्रातून वर येणारे वीतभर उंचीहून थोडेच मोठे पेंग्विन पाहिले. सुंदर, पण गर्दी फार.

सिडनीबद्दल थोडक्यात. ऑपेरा हाऊस आणि बंदरावरचा पूल पाहताना डोळ्यांचं पारणं फिटलं, मॅनलीची फेरीबोट तर घ्यायलाच हवी. पण आज मागे वळून पाहताना सिडनी सगळ्यात फिकी आठवते. मोठं शहर ते मोठं शहर. पुन्हा आखणी करायची तर तिथले दिवस कमी करून ते न्यूझीलंडला देईन.

न्यूझीलंडमध्ये गाडी भाड्यानं घेतली. आपलं लायसन्स कार्ड इंग्रजीत असतं, तरी ह्यांनी बेळगावच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता. दोन्ही देशांत गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे हात बसायला वेळ लागला नाही. अंतर किलोमीटरवर मोजू नका, रस्ते वळणाचे आहेत, जागोजागी एकपदरी पूल आहेत आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायची खूण तिथं काटेकोर पाळतात. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही असं आम्ही ठरवलं होतं. ते शेवटपर्यंत पाळलं म्हणूनच प्रवास अंगावर आला नाही.

टेकापो तळ्याकाठी आकाशाला संरक्षण आहे, २०१२ पासून तो सारा भाग अंधाराचं राखीव क्षेत्र आहे. तारे नीट दिसावेत म्हणून रस्त्यावरचे दिवेसुद्धा खाली झुकवलेले. भाऊजी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांनी दक्षिणेचा क्रूस हा तारकासमूह आम्हाला दाखवला आणि मग बराच वेळ ते कोणाशी बोलले नाहीत.

मिलफर्ड साउंड या उभ्या कड्यांमधल्या समुद्राच्या खाडीसाठी बहुतेक लोक क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येतात. तसं करू नका. जायला चार तास, यायला चार तास, आणि मध्ये घाईची बोट. आम्ही ‘ते आनाऊ’ या लहानशा गावात मुक्काम केला, तिथून मिलफर्ड साधारण १२० किलोमीटर. आदल्या रात्री पाऊस लागला तेव्हा शेजारच्या घरातल्या पर्यटकांनी बेत रद्द केला. आम्ही आंबोली आणि कणकुंबीचा पाऊस बघत मोठे झालेले, छत्र्या घेऊन निघालो. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, आणि तो पडत असतानाच तिथले उभे कडे खरे दिसतात. कोरड्या दिवशी दोन-तीन कायमचे धबधबे, पावसात प्रत्येक भेगेतून पाणी. वाटेतला होमर बोगदा १९३५ साली खोदायला घेतला आणि १९५४ साली खुला झाला, आत शिरताना दोन्ही बाजूंना नुसता दगड. ते आनाऊ सोडलं की मोबाइलला रेंज नाही, पेट्रोल तिथंच भरून घ्या. आणि सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. संपूर्ण प्रवासातला एकच दिवस निवडायचा म्हटलं तर मी हाच निवडेन.

एप्रिलमध्ये क्वीन्सटाउनजवळच्या ॲरोटाउनची झाडं पिवळी धमक होतात. डोंगर ओलांडून जाणारी ट्रान्झअल्पाइन रेल्वे घेतली, छान आहे, तिकीट महाग. पिक्टनला गाडी परत केली, बोटीनं साडेतीन तासांत वेलिंग्टनला उतरलो आणि तिथं दुसरी घेतली.

माझ्यासाठी प्रवासाचा सगळ्यात मोलाचा भाग उत्तर बेटावर होता, आणि सहलीच्या जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो. मी आयुष्यभर बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं. वर्गातली पटसंख्या दरवर्षी कमी होताना पाहिली आहे. न्यूझीलंडमध्ये उतरल्यापासून पाट्या, ग्रंथालयं, बसमधल्या सूचना सगळीकडे इंग्रजीच्या बरोबरीनं तिथल्या मूळ लोकांची माओरी भाषा दिसत होती. वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ संग्रहालयात माओरी प्रमुख आणि ब्रिटिश यांच्यात झालेल्या १८४० च्या वाइटांगी कराराचं मोठं दालन आहे. करार दोन भाषांत झाला आणि दोन्ही मसुद्यांत सारखा अर्थ नव्हता, त्यावरून आजही वाद चालू आहेत. परदेशी पाहुण्यांना आता तिथं तिकीट आहे, ते आनंदानं भरा आणि अर्धा दिवस राखून ठेवा.

रोटोरुआला गरम पाण्याचे झरे दाखवणारी जी मुलगी होती ती सहज बोलता बोलता म्हणाली की तिच्या आजीला शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार बसायचा, आईला भाषा आलीच नाही, आणि ती स्वतः मात्र ‘कोहांगा रेओ’त शिकली. ही बालवाडीची चळवळ १९८२ साली सुरू झाली. गावातली म्हातारी माणसं लहान मुलांशी दिवसभर फक्त माओरीत बोलतात, एवढीच तिची पद्धत. १९८७ साली भाषेला कायद्यानं अधिकृत दर्जा मिळाला, म्हणजे बालवाड्या आधी आणि कायदा नंतर. मी तिला खूप प्रश्न विचारले, बाकीची मंडळी पुढं निघून गेली तरी ती थांबून उत्तरं देत राहिली. शिक्षक कुठून आणले, पुस्तकं कोणी लिहिली, पालक तयार कसे झाले. परतल्यावर आमच्या गल्लीतल्या तीन घरच्या आज्यांना जमवून शनिवारी मुलांना गोष्टी सांगायला सुरुवात केली आहे. मुलं येतात, कन्नड बोलणाऱ्या घरांतलीही येतात.

वापरलेल्या वस्तूंबद्दल थोडं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा प्लग एकच, तिरप्या पात्यांचा, सिंगापूरचा वेगळा. टोपी आणि सनस्क्रीन तिथं हौस म्हणून नाही, गरज म्हणून लागतं. हवा थंड असली तरी ऊन कातडी भाजतं. चार चाकांच्या दोन मध्यम बॅगा एका मोठीपेक्षा बऱ्या, जिने चढताना कळतं. प्रवास विमा पूर्ण काळाचा घ्या. न्यूझीलंडमध्ये अपघाती दुखापतीचा उपचार पाहुण्यांनाही सरकारी योजनेतून मिळतो, अक्कांचा पाय मुरगळला तेव्हा त्याचा उपयोग झाला, पण आजारपणाला ती योजना लागू नाही.

खर्च चौघांत वाटला म्हणून परवडला. गाडी, घर, पेट्रोल सगळ्याचे चार भाग. दोघांनीच जायचं तर दक्षिण बेट आणि मेलबर्न एवढंच करा, सिडनी आणि उत्तर बेटाचा बराच भाग सोडा, फक्त वेलिंग्टन-रोटोरुआ सोडू नका. परकीय चलनावर टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला गेला असेल तर त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा, आयकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. आणि डिसेंबर-जानेवारी टाळा, तिथल्या शाळांना सुट्टी असते, घरांची भाडी चढलेली असतात. फेब्रुवारी अखेरीनंतर तीच घरं निवांत मिळतात.